फेडीचा रकाना

माझी किंमत अडतीस हजार चारशे रुपये निघाली, आणि तीही वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर, चारचौघांदेखत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं मी लोकांच्या पेट्या, पोती, सायकली आणि एकदा एक जिवंत बकरीसुद्धा तोलून पावत्या फाडल्या. स्वतः मात्र काट्यावर कधी चढलो नव्हतो. म्हातारपणी तेवढंच राहिलं होतं.

पडद्यावर लिहिलं होतं : 'प्रभाग नऊ. उमेदवार सलोमी आवळे, अपक्ष, खासगी निधी. देणगीदार श्रीशैल आवटी. एका माणसाची मर्यादा वीस हजार. दिलेली देणगी अडतीस हजार चारशे.' आणि खाली लाल अक्षरांत 'उल्लंघन'.

"आवटी, एवढे पैसे दिलात सिस्टरना?" शेजारी उभ्या असलेल्या युसूफ मुजावरनं विचारलं. युसूफ आमचा गल्लीतला टेलर.

"एक दमडी दिली नाही," मी म्हणालो. "माझी बायको मला भाजीलासुद्धा मोजून देते."

"मग हे काय?"

हे काय, ते मला त्याच्या आधी कळलं होतं.

आमच्या शहराचं नाव सांगत नाही. जंक्शन आहे एवढं पुरे. पूर्वी इथं निवडणूक लागली की दोनशे पोरं मोटारसायकलवरून बोंबलत फिरायची. उमेदवाराच्या वहीत त्यांच्यापुढं लिहिलेलं असायचं, 'स्वयंसेवक, खर्च शून्य.' तो शून्य किती लाखांचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण सिद्ध कोण करणार? मग राज्यानं दोन गोष्टी केल्या. पक्षाच्या उमेदवारांना सरकारी निधी दिला. आणि जे अपक्ष लोकांच्या देणग्यांवर उभे राहतात त्या खासगी निधीवाल्यांच्या मागं ती प्रणाली लावली. तिचं सरकारी नाव एक ओळभर लांब आहे. लोक तिला तागडी म्हणतात.

तागडी पैसा बघतच नाही. उमेदवारांच्या प्रतिनिधींना शिकवायला पोळ मॅडम आल्या होत्या, खर्च निरीक्षक. वय असेल तीस-बत्तीस. मी सिस्टरचा खर्च प्रतिनिधी म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "काका, पैसा लपवता येतो. पण माणूस रोजच्या जागी नव्हता, हे लपवता येत नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक घराचा विजेचा मीटर, फोन, दुकानातली खरेदी, चौकातले कॅमेरे, या सगळ्यांतून प्रत्येक माणसाचा दिनक्रम वर्षानुवर्षं आपोआप नोंदला जात असतो. एरवी तो कुणी उघडून बघत नाही. निवडणूक लागली की तागडी एवढंच शोधते की कुणाचा दिनक्रम मोडला. युसूफचं मशीन रोज दहा ते एक वीज खातं. तीन दिवस ते बंद राहिलं आणि त्याचा फोन उमेदवाराच्या पडवीत सापडला, की तागडी लिहिते : युसूफ मुजावर, नऊ तास, शिंप्याचा बाजारभाव, एवढे रुपये देणगी. माणूस उगाच नऊ तास देत नाही. एकतर कुणीतरी त्याला गुपचूप पैसे मोजतंय, नाहीतर तो देणगी देतोय.

"किंवा तो उपकार फेडतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याचीही सोय आहे," मॅडम म्हणाल्या. एका न्यायाधीशानं तशी सुधारणा करायला लावली होती. आपल्याकडं एकमेकांच्या घरी लग्नाकार्याला, पापड लाटायला माणसं जातात, ती देणगी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून अर्जावर दोन रकाने आहेत, देणगी आणि फेड. फेड म्हटलं की मर्यादा नाही. फक्त कसली फेड ते लिहायचं, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी मान्य करायचं, आणि तो कागद दोन दिवस वॉर्डाच्या फलकावर लावायचा, कुणाची हरकत असेल तर ती घेता यावी म्हणून.

सभागृहात टाळ्या झाल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

सलोमी सिस्टर चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं घराच्या पडवीत एक बाक टाकला आणि तिथं लोकांची रक्तदाब-साखर बघायची, मलमपट्ट्या करायची, फुकट. वॉर्डातला सरकारी दवाखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला होता आणि त्या जागेवर गाळे काढायचं घाटत होतं. निवडणुकीच्या वर्षात दोन बायका रिक्षात बाळंत झाल्या. दुसरीचं मूल गेलं. सिस्टर त्या रिक्षापाशी पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. दुसऱ्या दिवशी ती उमेदवारी अर्ज घेऊन माझ्याकडं आली.

"आवटी, हिशेब तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला शंभराच्या पुढं गोंधळ होतो."

बत्तीस दिवस, रोज दुपारी तीन तास, मी तिच्या पडवीत वही घेऊन बसलो. कुणी किती झेंडे शिवले, कुणी किती चहा पाजला, सगळं टिपलं. पार्सलवाल्याची वही होती ती, खाडाखोड शून्य. वॉर्डातल्या एकेचाळीस माणसांची नावं तिच्यात होती. माझं नव्हतं. मोजणारा स्वतःला धरत नाही, ही आपली जुनी खोड. तागडीला ती खोड नव्हती. तिनं मला 'लेखापाल' धरलं, तासाला चारशे रुपये. रेल्वेनं इतका भाव कधी दिला नव्हता.

घरी गेलो तर महानंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, बातमी आधीच पोचली होती.

"अडतीस हजार," ताट वाढता वाढता ती म्हणाली. "घरात नळ गळतोय तो बघायला वेळ नाही, आणि तिकडं अडतीस हजारांचं काम. त्या बाईचं तुम्ही देणं तरी काय लागता हो?"

"शेजारधर्म आहे."

"दोन गल्ल्या सोडून राहते ती. शेजार कसला?"

महिनाभर ती हेच विचारत होती. आता सरकारही तेच विचारायला लागलं होतं. परवा सकाळी अकराला सुनावणी होती : फेड दाखवा, नाहीतर उमेदवारी रद्द.

जेवून तडक सिस्टरकडं गेलो. ती एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होती. तो जाईपर्यंत थांबलो.

"सिस्टर, फेडीत दाखवू."

"कसली फेड?"

"तुम्हाला माहीत आहे कसली."

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली आणि कात्री उकळत्या पाण्यात टाकली.

आता सांगून टाकतो. बावीस वर्षांपूर्वी पार्सल ऑफिसात माझ्या हाताला गंजका पत्रा लागला. दवाखान्यात सिस्टर धनुर्वाताची सुई द्यायला आली. शर्ट काढला होता, आणि तिला माझ्या पाठीवर, खांद्याखाली, एक फिकट चट्टा दिसला. तिनं त्यावरून पीस फिरवलं, मग टाचणी टोचली. मला दोन्ही कळलं नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात रोगाचं नाव सांगितलं. मी खुर्चीतून उठलोच नाही. आमच्या आजीच्या तोंडी त्या रोगाला महारोग म्हणत, आणि तो शब्द आला की ती अंगणात थुंकायची. आमच्या अक्षताचं त्याच महिन्यात ठरत होतं. पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं तर मुलीचं लग्न मोडलं असतं, आणि तेवढ्यावर थांबलं नसतं.

"सहा महिने गोळ्या घ्यायच्या. बरा होतो, पुरता बरा होतो," सिस्टर म्हणाली. "रांगेत उभं राहू नका. मी आणते." सहा महिने तिनं पाकीट आणलं, दर महिन्याचा पहिला डोस स्वतःपुढं घ्यायला लावला. गोळ्यांनी अंग काळवंडलं. ऑफिसात मला 'काळूराम' म्हणायला लागले. महानंदाला मी पित्ताच्या गोळ्या म्हणून सांगितलं. मी बरा झालो, अक्षताचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली. सिस्टरनं त्या दिवसापासून आजपर्यंत एका शब्दानं, एका नजरेनंसुद्धा तो विषय काढला नव्हता.

"असं करू," मी म्हणालो, "ताप आला होता तेव्हा सुया दिल्या, असं लिहू."

"एका तापाचे अडतीस हजार? मशीन आहे ते, वेडं नाही. आणि मी खोट्यावर सही करत नाही."

"मग खरं लिहू. मी तयार आहे." तयार नव्हतो. पण बोलून गेलो.

सिस्टर माझ्यासमोर बाकावर बसली. "आवटी, नीट ऐका. तुमचा कागद फलकावर लागला की लोक काय वाचतील? आवटीला महारोग होता. आणि पुढं? मग युसूफ का झेंडे शिवतो, त्याला काय होतं? ती वरच्या आळीची पोरगी रोज पत्रकं वाटते, तिचं काय निस्तरलं सिस्टरनं? एकाचं सांगितलं की बाकीच्यांचं न सांगणंसुद्धा सांगितल्यासारखंच होतं. एकेचाळीस माणसं आहेत तुमच्या वहीत."

त्या एकेचाळीसांतली काही मला ठाऊक होती, काहींचा अंदाज होता. मी मान खाली घातली.

"आणि दवाखाना?"

तिनं पदरानं चष्मा पुसला. "दवाखाना मला पाहिजेच आहे. एवढं हट्टानं मी उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. त्या रिक्षातलं बाळ रोज आठवतं मला." मग उठली. "पण तुम्ही गप्प बसायचं. ही माझी अडचण आहे, मी बघते."

मी गप्प बसणारा नव्हे. पण तोंड उघडायचं तर आधी महानंदापुढं उघडायला हवं होतं, हेही कळत होतं. दुसऱ्या दिवशी तीनदा प्रयत्न केला. एकदा ती गहू निवडत होती, एकदा अक्षताचा फोन आला, आणि तिसऱ्यांदा समोर नुसती बसली होती, तेव्हा मी नळ दुरुस्त करायला घेतला.

सुनावणीला वॉर्ड ऑफिसचं सभागृह भरलं होतं. महानंदा मागच्या रांगेत बायकांत बसली होती. पोळ मॅडमनी कागद वाचला आणि सिस्टरला विचारलं, "श्रीशैल आवटी यांची ही सेवा देणगी की फेड?"

सिस्टर काही बोलायच्या आत मी उभा राहिलो.

"फेड," मी म्हणालो. "मला बावीस वर्षांपूर्वी महारोग झाला होता. कुष्ठरोग. सिस्टरनं सहा महिने औषध देऊन मला बरा केला आणि कुणाला कळू दिलं नाही. माझी नोकरी, माझ्या मुलीचं लग्न, सगळं तिच्यामुळं राहिलं. बत्तीस दिवसांत ते फिटत नाही. लिहा तुमच्या रकान्यात."

माझ्या बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, चांगले ओळखीचे. ते हळूच वीतभर सरकले. मागं वळून महानंदाकडं बघायची माझी छाती झाली नाही.

पोळ मॅडमचा आवाज खाली आला. "सिस्टर, हे तुम्हाला मान्य आहे? तुम्ही हो म्हटलंत की उमेदवारी कायम राहील."

सिस्टर उभी राहिली. पांढरी साडी, कडक इस्त्रीची. परवा एवढ्याशा तापाचं खोटं लिहायला ती तयार नव्हती.

"मान्य नाही," ती म्हणाली. "आवटींना असला कुठलाही रोग कधी नव्हता. मी त्यांना कसलंही औषध दिलेलं नाही."

"सिस्टर," मी ओरडलो.

"बसा, आवटी," तिनं दवाखान्यातल्या आवाजात सांगितलं. आणि मी बसलो.

"मग त्यांनी बत्तीस दिवस फुकट काम का केलं?" मॅडमनी विचारलं.

"माणूस चांगला आहे म्हणून. त्याच्या डोक्यात माझ्यासाठी काहीही सांगायचं आलं, तेही त्याच्या चांगुलपणामुळंच."

मॅडम बराच वेळ अर्जाकडं बघत राहिल्या. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सिस्टरकडं. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं. "चांगुलपणाला रकाना नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या.

"नसू दे."

पाच मिनिटांत पडद्यावरून सलोमी आवळे हे नाव गेलं. सिस्टरनं पिशवी उचलली, मॅडमना नमस्कार केला आणि माझ्याकडं न बघता बाहेर पडली. दारापाशी तिनं चौकटीला हात लावून क्षणभर आधार घेतला, तो मी पाहिला.

बाहेर आलो तर युसूफनं मला मिठीच मारली. त्याचे डोळे भरले होते. "मानलं आवटी तुम्हाला. सिस्टरसाठी स्वतःच्या अंगाला महारोग लावून घेतलात. असली छाती आहे का कुणाची?" बाकावर सरकलेले गृहस्थ चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मी पण क्षणभर फसलो हो." चार जणांनी पाठ थोपटली. सलोमी सिस्टर खोटं बोलत नाही, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. म्हणून लोकांच्या लेखी खोटं बोललो होतो तो मी.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिनं काय केलं ते. मी सगळ्यांदेखत उघडं टाकलेलं माझं गुपित तिनं उचलून, झाकून, परत माझ्या हातात ठेवलं होतं. त्यासाठी दवाखाना दिला होता. मला फक्त गप्प राहायचं होतं, मग जन्मभर लोकांनी मला देवमाणूस म्हटलं असतं.

महानंदा वाटभर माझ्यावर तोंड टाकत होती. "काय बोलायचं याला काही सुमार? रोगाचं नाव असं स्वतःवर घेतात का? तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही? घरी चला, आधी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते."

घरी आल्या आल्या तिनं मला पाटावर बसवलं. मुठीत मीठमोहऱ्या घेतल्या आणि माझ्यावरून उतरवायला लागली. "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची..."

"महानंदा," मी म्हणालो, "ते खरं होतं."

तिची मूठ माझ्या कपाळापुढं थांबली.

"काय खरं होतं?"

"मी बोललो ते. सिस्टर खोटं बोलली."

ती तशीच उभी राहिली. मग मीठमोहऱ्या पुन्हा वाटीत टाकल्या, हात झटकले आणि समोर जमिनीवर बसली. मी सगळं सांगितलं : पत्रा लागला तिथपासून पित्ताच्या गोळ्यांपर्यंत.

"बावीस वर्षं," शेवटी ती म्हणाली. "मशीनवाल्या त्या पोरीला आधी सांगितलंत, आणि मला नंतर."

"होय."

"मी सोडून गेले असते, असं वाटलं?"

"वाटलं." आता खोटं बोलायचं काही कारण राहिलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसत नव्हती. "आणि मला काही झालं असतं तर? अक्षताला?"

"सिस्टरनं तुम्हा दोघींना तपासलं होतं. रक्तदाब बघायला म्हणून घरी आली होती ना, तुमचे हात, पाठ बघून गेली. आठवतं?"

"आठवतं," महानंदा म्हणाली. "दारातच बसवलं होतं मी तिला. वेगळ्या धर्माची म्हणून. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं."

मग ती उठून माझ्या मागं आली.

"शर्ट काढा."

मी काढला. ती वाकून बघत राहिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझी पाठ कधी अशी बघितली नव्हती. मीच बघू दिली नव्हती.

"हा काय?"

"कुठं हात लावलाय?"

"अहो, लावलाय की. कळत नाही?"

"नाही. रोग बरा झाला, पण तेवढी जागा मेली."

तिचा हात थोडा बाजूला सरकला, तेव्हा मला कळला. मीठ लागलेला, खरखरीत, गरम.

"आणि इथं?"

"इथं कळतंय."

"मग इथंच ठेवते," महानंदा म्हणाली, आणि हात तिथंच ठेवून रडत राहिली.